अलेथियाबाईंची डुलकी

माउंट नेबो चर्चच्या दारात पांढरे हातमोजे घालून अलेथिया कीट उभ्या असल्या, की त्यांना चुकवून आत जायची कुणाच्या बापाची हिंमत नाही. साउथ कॅरोलायनातल्या आमच्या या गावात शेरीफला लोक एकवेळ उलट बोलतील, पण अलेथियाबाईंनी दाखवलेली खुर्ची नाकारणारा अजून जन्माला यायचाय.

बाईंचं वय चौऱ्याहत्तर. तेहेतीस वर्षं त्यांनी शाळेची चौदा नंबरची बस चालवली. गावातला तिशीपासून साठीपर्यंतचा प्रत्येक माणूस, काळा असो की गोरा, कधी ना कधी त्यांच्या आरशात दिसलेला आहे आणि 'खाली बस' म्हणून ओरडा खाल्लेला आहे. बस चालू असतानाच बाईंनी रविवारी चर्चमध्ये लोकांना जागा दाखवायचं काम धरलं, आणि बघता बघता आईच्या जागी त्या, जागा दाखवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्ष झाल्या. हे काम सोपं वाटतं, पण करून बघा. तोंडातून शब्द काढायचा नाही. डावा हात पाठीमागे, उजव्या हाताच्या खुणा. दोन बोटं म्हणजे दोन खुर्च्या. छातीवर मूठ म्हणजे उशीर झालाय, मागे बसा. पंजा उभा धरला म्हणजे प्रार्थना चालू आहे, आहात तिथे थांबा. आणि दोन्ही हात छातीपासून उघडून बाहेर सोडले, म्हणजे जिथे हवं तिथे बसा. ही शेवटची खूण नियमांच्या पुस्तकात आहे म्हणून आहे. बाईंनी ती सव्वीस वर्षांत एकदाही केली नव्हती. "ज्याला हवं त्याला तिथे बसू दिलं, तर चर्च आणि गुरांचा बाजार यात फरक तो काय?" असं त्या म्हणायच्या, आणि त्यावर कोण बोलणार?

याच हातमोज्यांत आणखी एक अधिकार होता. बाईंच्या आईच्या काळात कुणाला मत देणार हे काळ्या माणसानं उघड बोलायची सोय नव्हती. जमीनदाराच्या कानावर गेलं तर दुसऱ्या दिवशी चंबूगबाळं रस्त्यावर. तेव्हा नेबोच्या बायकांनी युक्ती काढली. मतदानाआधीच्या रविवारी मंडळाच्या अध्यक्षांनी शेवटच्या भजनाच्या वेळी हाताची बोटं धरायची. मतपत्रिकेवर तिसरं नाव, तर तीन बोटं. आता कुणाला कुणाची भीती उरली नाही, पण खूण राहिली. चाळीसेक बायका अजून त्या हाताकडे बघून मत देतात. बुद्धी नाही म्हणून देत नाहीत, नीट ऐका. चाळीस मतं एका बाजूला पडली तर मोजताना दिसतात, आणि दिसलेल्या मतांना पुढारी ओळख देतात, एवढा साधा हिशेब आहे.

आता व्हर्नेल. व्हर्नेल ही बाईंची थोरली बहीण, वय ब्याऐंशी, हृदयात एक यंत्र बसवलेलं, आणि जीभ मात्र बिनयंत्राची सुसाट. दोघींची घरं शेजारी, मध्ये अक्रोडासारख्या पेकनचं झाड. व्हर्नेलनं स्वतःचं अंत्यसंस्काराचं सगळं सामान डँट्झलरच्या दुकानात आधीच पसंत करून ठेवलं होतं. शवपेटीच्या आतलं कापड दोनदा बदलून घेतलं होतं.

यंदा फेब्रुवारी उजाडला आणि व्हर्नेलनं जाहीर केलं, "अलेथिया, ही माझी शेवटची निवडणूक. तरुणपणी मतदार म्हणून नाव नोंदवायला गेले तर काळी म्हणून तीनदा परत पाठवलं होतं मला. चौथ्यांदा नोंदवलं. तेव्हापासून एकही मत चुकवलं नाही, पण आपल्यासारखी दिसणारी बाई काही त्या कागदावर आली नाही. यंदा आलीय. मतदानाच्या शनिवारी तू आणि मी बरोबर जायचं आणि सिनेटर मार्चबँक्सला मत द्यायचं. मग मी मरायला मोकळी."

"बघू," अलेथियाबाई म्हणाल्या.

"बघू काय बघू? मी काय चष्मा घ्यायला चाललेय?"

पण बाईंचं 'बघू' म्हणजे 'बघू'च. कारण नोव्हेंबरातल्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीसाठी पक्षाचा उमेदवार ठरवायची ही आधीची फेरी आमच्याकडे मोठी नाजूक असते. चार वर्षं आमच्याकडे कुत्रं फिरकत नाही, आणि फेब्रुवारीत बघावं तर उमेदवारांच्या बसगाड्यांनी रस्ता भरलेला. मागून टीव्हीवाले. सगळ्यांना एकच हवं असतं: काळे लोक काय म्हणतात? आम्ही काय म्हणतो ते ऐकायला कुणी थांबत नाही ही गोष्ट वेगळी. फोटोत आम्ही दिसलो म्हणजे झालं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सिनेटर डेनिस मार्चबँक्स आल्या. उशिरा आल्या. आत प्रार्थना चालू होती. मागे सहा कॅमेरे, चार अंगरक्षक. अलेथियाबाईंनी दारात पंजा उभा केला. सिनेटरबाई जागच्या जागी थांबल्या. मागून एक कॅमेरावाला घुसायला लागला तर त्यांनी हात मागे करून त्याचा पट्टा धरला. थंडीत सात मिनिटं दारात उभ्या राहिल्या, मान खाली घालून. प्रार्थना संपली, अलेथियाबाईंनी एक बोट दाखवलं, आणि सिनेटरबाई त्या बोटाच्या खुर्चीवर जाऊन गप बसल्या.

अलेथियाबाईंचं मत तिथेच पडलं होतं. पण मनात पडलेलं मत आणि पेटीत पडलेलं मत या दोन वेगळ्या गोष्टी, असं बाईंचं आयुष्यभराचं धोरण होतं.

चर्चनंतर मागच्या सभागृहात तळलेले मासे. गावजेवणच ते, गोरेही येतात. तिथे सिनेटरबाईंच्या माणसांची उलटीच पंचाईत झाली. बाईंच्या मागे सगळे काळेच चेहरे दिसत होते, त्यांना एखादा गोरा हवा होता. शोधता शोधता बडी हटो सापडला. पंचावन्न वर्षांचा, गवत कापायची यंत्रं दुरुस्त करणारा, टोपीवर ग्रीसचे डाग. त्याच्या हातातल्या ताटासकट त्याला उचलून सिनेटरबाईंच्या डाव्या खांद्यामागे उभा केला. बडी बिचारा आयुष्यात पहिल्यांदा महत्त्वाचा झाला होता. तोंडात मासा होता तो तसाच घाईनं गिळला.

पुढच्या शनिवारी दुपारी दुसरे उमेदवार, गव्हर्नर हॅलोरन आले. उत्तरेकडचे, गोरे, सहा फूट चार इंच. सभागृहात पाद्रीसाहेब जेवणाआधीची प्रार्थना म्हणत होते. अलेथियाबाईंनी दारात पंजा उभा केला. गव्हर्नरसाहेबांनी तो बघितला, त्यांचा चेहरा खुलला, आणि त्यांनी त्या पंजावर खण्णकन टाळी दिली! "भेटून बरं वाटलं!" म्हणाले आणि कॅमेऱ्यांसकट आत गेले. अख्ख्या सभागृहानं एक डोळा उघडून बघितलं. बाईंचा हात तसाच हवेत. सव्वीस वर्षांत त्या हाताला असं कुणी केलं नव्हतं.

त्यावर कळस केला गव्हर्नरांच्या हाताखालच्या, कॉम्प्युटरची पाटी घेऊन फिरणाऱ्या बाईनं. तिनं खोलीभर नजर फिरवली आणि अलेथियाबाईंकडे बोट केलं. "त्या! टोपीवाल्या! त्या साहेबांच्या उजव्या खांद्यामागे हव्यात. टोपीसकट."

"मी बसत नाही," बाई म्हणाल्या. "मी बसवते."

"वा, काय छान बोलता हो तुम्ही!" ती म्हणाली आणि त्यांना खुर्चीवर बसवलंसुद्धा. हातात गव्हर्नरांच्या नावाची पाटी दिली. खुर्ची कडक होती म्हणून बाईंनी ती पाटी खाली घेतली आणि तिच्यावर बसल्या. पर्समधून डँट्झलरचा पुठ्ठ्याचा पंखा काढून वारा घ्यायला लागल्या. सभागृहातला हीटर बिघडून बंदच होत नव्हता.

आता बसमधली असो की चर्चमधली, अलेथियाबाईंची सवय अशी, की कामावर असताना डोळा लागायचा प्रश्नच नाही. गाडी हाकणारा झोपत नाही, उभा माणूसही झोपत नाही. पण सभेत बसायची वेळ त्यांच्यावर सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच आलेली. पोटात मासा, अंगावर ऊब, आणि समोर गव्हर्नरसाहेब रेल्वेच्या धोरणावर बोलतायत. सव्वा तास. बाईंची मान हळूच पुढे गेली, दचकून वर आली, पुन्हा पुढे गेली.

संध्याकाळी टीव्ही लावला तर काय! गव्हर्नर बोलतायत, आणि मागे अलेथियाबाई मान डोलावतायत. मोठ्या समाधानानं, डोळे मिटून, एकेका वाक्याला. त्यांच्या हातातल्या पंख्यावर साऱ्या देशाला दिसतंय: 'डँट्झलर आणि मंडळी. शेवटच्या प्रवासात आम्ही सोबत.' आणि नकाशापुढे उभा राहिलेला एक जाणकार सांगतोय, "दक्षिणेतल्या ज्येष्ठ काळ्या महिलांचा कौल स्पष्ट आहे. या बाईंचा चेहराच बघा."

मग त्यानं दुसरं चित्र लावलं. सिनेटर मार्चबँक्स बोलतायत, मागे बडी हटो. कपाळाला आठ्या, डोळे बारीक, तोंड कडू. "आणि हा ग्रामीण गोरा मतदार. सिनेटरबाई याच्या गळी उतरत नाहीयेत."

पेकनच्या झाडापलीकडचं दार धाडकन उघडलं.

"अलेथिया! बाहेर ये आधी!"

"आले, आले. यंत्र आहे ना आत तुझ्या, जरा हळू ओरड."

"यंत्र गेलं खड्ड्यात! मी त्या बाईची पाटी अंगणात ठोकलीय, आणि तू त्या विजेच्या खांबामागे बसून नंदीबैलासारखी माना डोलावतेस?"

"अगं, झोप लागली होती मला."

"मग डोळे उघडे असते तर काय केलं असतंस? सांग ना! मतदानाआधीच्या रविवारी बोटं किती धरणारेस?"

बाई पायरी उतरून झाडापर्यंत आल्या. "व्हर्नेल, मला ती आवडते. तुझ्याइतकीच आवडते. पण नोव्हेंबरात गोऱ्यांनी मतं द्यायला नकोत का तिला? बडी हटोचं तोंड बघितलंस ना? आपला एवढा चांगला बडी, त्याचं तोंड असं, तर बाकीच्यांचं काय? आणि नोव्हेंबरात हरलो तर भोगायचं कुणी? टीव्हीवाल्यांनी? आपणच ना?"

"सत्तर वर्षं गोऱ्यांच्या मनात काय आहे तेच ओळखत बसलीयेस तू," व्हर्नेल म्हणाली. एवढं बोलून तिला धाप लागली, पण थांबली नाही. "स्वतःच्या मनाला एकदा तरी विचारलंस का, बाई, तुला काय हवंय म्हणून?" आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

आता बघा गंमत. टीव्हीनं आपल्याबद्दल धडधडीत खोटं दाखवलं हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. पण त्याच टीव्हीनं बडीबद्दल दाखवलं ते मात्र त्यांना शंभर टक्के खरं वाटलं. तरी खात्री करून घ्यावी म्हणून सोमवारी त्या आपलं गवत कापायचं यंत्र घेऊन बडीच्या दुकानात गेल्या. यंत्र ठणठणीत होतं.

बडी लहानपणी बसमध्ये रोज ओकायचा, म्हणून बाई त्याला आपल्या मागच्याच सीटवर बसवायच्या. तेव्हापासूनचा त्यांचा जीव एकमेकांवर. पण आमच्याकडे काळ्यानं गोऱ्याला किंवा गोऱ्यानं काळ्याला सरळ राजकारण विचारायचं नसतं. आधी पाऊण तास हवामान झालं. मग बडीच्या आईचा गुडघा झाला. मग तळ्यातले मासे.

"मग बडी," बाई म्हणाल्या, "निवडणुकीचं काय म्हणतोस?"

बडीनं फडक्यानं एकेक बोट पुसलं. "गव्हर्नर चांगला माणूस आहे, मिस अलेथिया," तो जपून म्हणाला.

"चांगला आहे," बाई म्हणाल्या.

"उंच आहे."

"भलताच उंच आहे."

"आणि त्या सिनेटरबाई..." बडी म्हणाला आणि बाईंच्या तोंडाकडे बघत राहिला.

"हुशार आहेत," बाई म्हणाल्या आणि बडीच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"हो मॅम. हुशार तर आहेतच."

दोघांनीही मान हलवली. बाईंनी मनात म्हटलं, बघा, सिनेटरबाईंचं नाव काढलं तर पुढे शब्द फुटत नाही याला. बडीनं यंत्र खोललं, पुन्हा जोडलं, आणि ते तेव्हापासून सुरू होत नाही.

मतदानाआधीच्या रविवारी शेवटचं भजन लागलं. चाळीस बायकांचे डोळे हातमोज्यावर. मतपत्रिकेवर हॅलोरन दुसरे, मार्चबँक्स चौथ्या. बाईंनी हात वर केला. क्षणभर चारही बोटं ताठ होती म्हणतात, ऑर्गन वाजवणाऱ्या बाई अजून शपथेवर सांगतात. मग दोन खाली गेली. मागच्या रांगेतून व्हर्नेल उठली आणि भजन अर्धं टाकून निघून गेली. अलेथियाबाईंचा हात वरच होता, पण त्यांना रडू कोसळायचंच बाकी होतं.

त्या आठवड्यात पेकनच्या झाडाखालून ना हाक आली ना टोमणा. बुधवारी सकाळी मात्र डँट्झलरची लांबलचक काळी गाडी व्हर्नेलच्या दाराशी येऊन उभी राहिली. अलेथियाबाईंच्या हातातली बशी फुटली. समोरच्या घरातल्या बाईनं तर दोन शेजारणींना फोन करून व्हर्नेल गेल्याची बातमीही देऊन टाकली. तेवढ्यात व्हर्नेल चांगला निळा कोट घालून बाहेर आली, डँट्झलरनं अदबीनं दार उघडलं, आणि ती मागच्या सीटवर राणीसारखी बसून निघून गेली. पुन्हा पेटीचं कापड बदलायला चालली असेल, असं अलेथियाबाईंनी स्वतःला समजावलं. दोन तासांनी गाडी परत आली. व्हर्नेलनं कोटाची कॉलर घट्ट धरली होती आणि बहिणीच्या खिडकीकडे ढुंकूनही बघितलं नाही.

शनिवार उजाडला. मतदान अग्निशमन केंद्रात. बंब बाहेर काढून उन्हात लावलेला, आत यंत्रं मांडलेली. नेबोच्या बायकांची रांग दारापासून बंबाच्या शिडीपर्यंत, आणि सगळ्यात पुढे अलेथियाबाई. त्या दर मिनिटाला मागे वळून बघत होत्या. व्हर्नेल काही आली नाही.

दारात केंद्राचा अधिकारी उभा होता. इथे उमेदवाराचं नाव काढायला बंदी, आणि हा गडी मोठा कडक. तेवढ्यात मत देऊन बडी बाहेर आला. छातीवर मत दिल्याचं गोल स्टिकर, चेहरा काळवंडलेला.

"झालं, मिस अलेथिया," तो हळूच म्हणाला. "तुमच्या माणसाला दिलं."

"कुठल्या माझ्या माणसाला?"

"तो... उंच."

"तो माझा? अरे तुझा ना तो!"

"माझा कसा होईल, मॅम? टीव्हीवर त्याच्यामागे माना तुम्ही डोलावत होतात! मी म्हटलं, काळ्या लोकांनाच त्या बाई नको असतील तर मी कोण शहाणा लागून गेलो? मला तर त्याच आवडल्या होत्या. त्यांच्या वडलांचं पंप दुरुस्तीचं दुकान होतं, मला एका दमात कार्ब्युरेटर समजावून सांगितला त्यांनी!"

"आवडल्या होत्या? मग तोंड एरंडेल प्यायल्यासारखं का केलं होतंस त्यांच्यामागे?"

"काटा होता, मॅम! घशात माशाचा काटा! तुमच्याच चर्चचा मासा!"

"अरे देवा! आणि मला झोप लागली होती रे, बडी! झोप!"

"नावं काढू नका!" अधिकारी ओरडला.

"नाव कोण काढतंय?" अलेथियाबाई त्याच्यावर कडाडल्या. "काट्याचं बोलतोय आम्ही!" बसमध्ये असताना त्यांनी यालाही चार वेळा खाली बसवलेलं, त्यामुळे तो गप्प झाला.

बडी टोपी काढून उभा राहिला. "मी परत आत जाऊन बदलून येऊ?"

"तसं नसतं, बाळा," बाई म्हणाल्या.

मागे अडतीस बायका. सगळ्यांच्या डोक्यात दोन बोटं. बोलायची बंदी, दोन पावलांवर अधिकारी. बाईंनी पर्स उघडली. हातमोजे त्या कुठेही गेल्या तरी बरोबर असतात. शांतपणे दोन्ही चढवले, एकेक बोट नीट बसवलं, रांगेकडे वळल्या. आता चार बोटं वर करायची, की झालं. बाईंनी हात उचललासुद्धा. मग तो थांबला. व्हर्नेलचे शब्द आठवले. आजवर आपण या बायकांना खुर्च्या दाखवल्या, आणि त्या खुर्च्या तरी आपल्या मनाच्या होत्या का?

बाईंनी दोन्ही हात छातीशी आणले, आणि उघडून बाहेर सोडले.

रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "हे काय आहे?" एकीनं शेजारणीला विचारलं. "पुस्तकात आहे," दुसरी म्हणाली, "शेवटच्या पानावर." ऑर्गनवाल्या बाईंच्या डोळ्यांना धार लागली. एक जण म्हणाली, "म्हणजे... कुठेही?" अलेथियाबाईंनी मान डोलावली. या वेळी चांगल्या जाग्या होत्या.

"बाई, हातवारे बंद करा," अधिकारी म्हणाला.

"खांदा आखडलाय माझा," बाई म्हणाल्या आणि आत जाऊन चौथ्या नावावर बोट दाबलं.

रविवारी सकाळी केंद्राच्या दारावर निकालाचा कागद चिकटवलेला होता, शनिवारच्या आधीच कचेरीत जाऊन दिलेली आगाऊ मतंही धरून. आमच्या केंद्रात सिनेटर मार्चबँक्स एकसष्ट. बाकीचे किरकोळ. गव्हर्नर हॅलोरन दोन. राज्यात मात्र गव्हर्नरच जिंकले. टीव्हीवर नकाशावाला सांगत होता, "ज्येष्ठ काळ्या महिलांनी पुन्हा एकदा दाखवून दिलं," आणि मागे त्याच जुन्या चित्रात अलेथियाबाई डोळे मिटून माना डोलावत होत्या.

बाईंचं सगळं लक्ष त्या दोनावर. एक बडी. मग दुसरं कुणाचं? चर्चमध्ये त्यांनी एकेकीला जागा दाखवताना डोळ्यांत डोळे घालून बघितलं. सगळ्याजणी ताठ मानेनं आत गेल्या. व्हर्नेल आलीच नव्हती.

दुपारी अलेथियाबाईंनी पाउंड केक केला, व्हर्नेलला आवडतो तसा, वरून लिंबाचा पाक घालून, आणि पेकनच्या झाडाखालून जाऊन दार वाजवलं.

"उघड. केक आणलाय."

"तुझ्या उंचाला दे."

"त्याला नाही दिलं मी. सिनेटरला दिलं. एकसष्ट पडली तिला आपल्याकडे, व्हर्नेल! सगळ्यांना सांगितलं मी, ज्याला हवं त्याला द्या. तू म्हणालीस तसंच केलं."

मग दार उघडलं. व्हर्नेल खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. खुर्चीवर तो निळा कोट, आणि त्याच्या कॉलरच्या आतल्या बाजूला मत दिल्याचं गोल स्टिकर.

"बुधवारीच?" अलेथियाबाईंनी विचारलं. "डँट्झलरच्या गाडीतून?"

"शनिवारी तुझ्याबरोबर रांगेत उभी राहिले असते तर बोलावं लागलं असतं. तुझ्याशी मी बोलत नव्हते."

"मग दुसरं मत..." बाईंनी केक टेबलावर ठेवला. "व्हर्नेल, तू त्याला दिलंस?"

"दोन बोटं धरली होतीस ना तू?" व्हर्नेल फणकारली. "आईनं हातमोजे तुझ्या हातात दिले त्या दिवसापासून त्या हाताबाहेर मी कधी मत दिलंय? चौथ्या नावावर बोट ठेवलं होतं मी. ठेवलं होतं! मग म्हटलं, एकटीच्या मतानं नेबोची फळी मोडायची नाही. भांडण वेगळं, फळी वेगळी. आणि तू! तू मागाहून सगळ्यांना मोकळं सोडलंस? बाई गं, मला एक फोन करता येत नव्हता तुला?"

"बुधवारी कुठे माहीत होतं मला! बडीच्या घशातला काटा शनिवारी कळला!"

"कसला काटा?"

मग अलेथियाबाईंनी सगळं सांगितलं. टाळी, डुलकी, काटा, आणि ते 'उंच आहे', 'भलताच उंच आहे'. सांगता सांगता त्या रडत होत्या. व्हर्नेल ऐकत होती, आणि मध्येच तिला जे हसू फुटलं ते आवरेना. छातीवरच्या यंत्रावर हात ठेवून ती हसली, टेबलाला धरून हसली. शेवटी डोळे पुसत खाली बसली.

"आयुष्यात एकदा ती बाई कागदावर आली," ती म्हणाली, "आणि मी मत दिलं खांबाला."

"माझ्यामुळे."

"तुझ्यामुळेच. मग काय माझ्यामुळे?" व्हर्नेलनं केक जवळ ओढला आणि सुरी मागितली. "आता डँट्झलरला फोन लाव. म्हणावं, ती पेटी दुसऱ्या कुणाला द्यायची असेल तर देऊन टाक. मला अजून चार वर्षं जगावं लागणार आहे."